झोळीत झोपायला शिकताना



मागच्या डिसेंबरात तीन आठवडे माझ्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. त्या दिवसांत ओपीडीत येणारा प्रत्येक पेशंट आधी माझीच चौकशी करायचा. "डॉक्टर, तुम्हाला काय झालं?" सुरुवातीला मी "जरा मुरगळलंय" म्हणून वेळ मारून नेली. मग एका आजींनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा खरं सांगून टाकलं, की झोळीतून पडलो. आजी इतक्या हसल्या की त्यांचं बीपी दोनदा मोजावं लागलं. "या वयात झोळीत कशाला गेला होतात?" या त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर मी त्या दिवशी दिलं नव्हतं. आज देतो.

मुलाने वाढदिवसाला हॅमॉक दिला. दोन झाडांना दोन टोकं बांधायची आणि मधल्या कापडात झोपायचं. म्हणजे आपली झोळीच, फक्त मोठ्या माणसाची, पॅराशूटच्या कापडासारख्या पातळ नायलॉनची. आमचा ट्रेकचा ग्रुप वासोट्याला निघाला होता. किल्ल्यावर मुक्काम करू देत नाहीत, म्हणून आदल्या रात्री बामणोलीच्या बाजूला, कोयनेच्या पाण्याकाठी राहायचं ठरलं. बाकीच्यांनी तंबू लावले. मी मोठ्या हौसेने हॅमॉक बांधला, आणि खाटेसारखा सपाट व्हावा म्हणून पट्टे ताण ताण ताणले. ताणल्यामुळे तो छातीएवढा उंच गेला. कसाबसा चढलो.

पुढच्या चार तासांचं वर्णन डॉक्टरी भाषेत करतो. खांदे दोन्ही बाजूंनी आवळले गेले. मान पुढे वाकली. कंबर केळ्यासारखी गोल झाली. गुडघे उलट्या बाजूला ताणले जाऊन दुखायला लागले आणि पोटऱ्यांखाली कापडाची एक कडक शीर आली. पाठीखालून बर्फ लावल्यासारखी थंडी. पहाटे तीनच्या सुमारास लघवीला उठायचं म्हणून एक पाय बाहेर काढला, हॅमॉक उलटला आणि मी हातावर पडलो. हाड मोडलं नाही, हे नशीब.

या पडण्यात एक गोष्ट अशी होती, जी मी त्या वेळी कुणालाच सांगितली नाही. झोपताना मी अल्प्राझोलमची अर्धी गोळी घेतली होती. त्या रात्रीपुरती नव्हे. 2021 पासून रोज घेत होतो.

2019 च्या महापुरात सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. ते आवरून उभं राहतोय तोवर कोविड. दुसऱ्या लाटेत रात्री फोन वाजला की पोटात गोळा यायचा. बेड आहे का, ऑक्सिजन आहे का, हेच प्रश्न. लाट ओसरली, फोन थांबले, पण झोप परत आली नाही. तीन वाजता टक्क जाग. एका रात्री औषधाच्या कपाटातून अर्धी गोळी घेतली, छान झोप लागली. "चार दिवस घेऊ" असं म्हणालो, आणि तीन वर्षं झाली. दिवसा पेशंटला सांगायचं, "झोपेच्या गोळीची सवय लावून घेऊ नका," आणि रात्री स्वतः घ्यायची. लिहायला संकोच वाटतो, पण तुमच्यापैकी बरेच जण हेच करत असतील, म्हणून लिहितो.

ही गोळी झोप आणते, तसे स्नायू ढिले करते आणि तोलही बिघडवते. मध्यरात्री अर्धवट झोपेत उठणाऱ्या माणसाचा पाय घसरतो तो यामुळे. साठीच्या पुढच्या लोकांत झोपेच्या गोळ्या आणि पडून खुब्याचं हाड मोडणं यांचा संबंध आम्हाला शिकवला जातो, मी स्वतः तो शिकवलाही आहे. त्या रात्री जमिनीवर बसून मनगट दाबताना तो धडा आठवला.

सकाळी चहा घेताना ग्रुपमधले पाटणचे एक शिक्षक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही ताणून बांधलात तिथंच चुकलं. ढिला बांधा आणि तिरके झोपा." ढिला बांधल्यावर सपाट कसं होणार, हे माझ्या डोक्यात शिरेना. त्यांनी हॅमॉक सोडला, परत बांधला, मला आत बसवलं आणि पाय थोडे डावीकडे, डोकं थोडं उजवीकडे करायला सांगितलं. आणि पाठ चक्क सपाट झाली! गुडघ्यांवरचा ताण गेला, खांदे मोकळे झाले. कापड दोन टोकांच्या सरळ रेषेत खोल वाकलेलं असतं, पण तिरक्या रेषेत जवळजवळ सपाट असतं. ज्या अमेरिका खंडात हॅमॉक जन्माला आला, तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक असेच तिरके झोपत आले आहेत. कोलंबसाच्या लोकांनी 1492 मध्ये कॅरिबियन बेटांवर ही झोपण्याची तऱ्हा पाहिली. हॅमॉक हा शब्दही तिथल्याच ताइनो लोकांचा. पुढे युरोपच्या जहाजांवर खलाशी शेकडो वर्षं यात झोपले.

ढिलं म्हणजे किती? पट्टा जमिनीला समांतर रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन करून वर झाडाकडे गेला पाहिजे. सोपं माप म्हणजे दोन हात आडवं अंतर गेल्यावर पट्टा एक हातापेक्षा थोडा जास्त वर चढलेला असावा. यात सुरक्षेचाही भाग आहे. माझं वजन 78 किलो. 30 अंशांवर प्रत्येक पट्ट्यावर साधारण 78 किलोचा ताण येतो. तोच पट्टा मी ताणून 10 अंशांवर आणला, तर प्रत्येक बाजूला सव्वादोनशे किलोच्या आसपास ताण जातो. म्हणून गच्चीच्या कठड्याला किंवा विटांच्या सुट्या खांबाला हॅमॉक कधीही बांधू नका, मुलांना तर अजिबात बांधू देऊ नका. खांबच अंगावर येतो. झाड जिवंत आणि जाड हवं. आंबा, जांभूळ चालतील. शेवगा, पांगारा नको, ठिसूळ असतात. नारळाखाली का नको ते सांगायला नको. वर वाळकी फांदी नाही ना, हे मान वर करून पाहा. आणि उंची? आत बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीवर यावं, त्याहून वर नाही. चढताना आधी झोपाळ्यावर बसतो तसं मधोमध बसायचं, मग पाठ टेकायची, मग पाय घ्यायचे. उतरताना दोन्ही पाय जमिनीवर टेकून मिनिटभर बसून राहायचं. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर हे मिनिट चुकवू नका, एकदम उभं राहिल्यावर बीपी उतरून चक्कर येते.

पायाकडची बाजू वीतभर उंच ठेवली तर माणूस घसरत मध्ये येत नाही. गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली तर आणखी बरं. पण एक आहे. ज्यांच्या पायांना संध्याकाळी सूज येते, त्यांचे पाय वर गेले की साठलेलं पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. म्हणजे पहिल्या दोन-तीन तासांत लघवीला उठावं लागतं. अशा मंडळींनी संध्याकाळीच तासभर पाय वर करून पडावं आणि मग झोपायला जावं. हा सल्ला घरच्या पलंगालाही लागू आहे. आणि पायांवर सूज येत असेल, तर आधी ती का येते हे तपासून घ्या.

थंडीचा प्रश्न गावाकडे सुटला. आमचं गाव कराड तालुक्यात. मनगट बरं झाल्यावर एका शनिवारी तिथे मळ्यात, दोन आंब्यांच्या मध्ये हॅमॉक बांधला. आई काठी टेकत आली आणि बघत उभी राहिली.

"आरं, एवढा डॉक्टर झालास आन् झोळीत निजायचं शिकाय लागतंय व्हय? सा म्हयन्याचा हुतास तवा ह्याच आंब्याला लुगड्याची झोळी बांधून मी भांगलायला जायाची."

मी सांगितलं, पाठीला गार लागतं. ती म्हणाली, "मग खालनं वाकळ बांध की." जाड रजई किंवा स्लीपिंग बॅग अंगाखाली घेतली की आपल्या वजनाने ती दबते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब तर त्या हवेचीच असते. खालून मोकळा वारा वाहत असतो, तो उष्णता घेऊन जातो. वाकळ आत न घालता हॅमॉकच्या बाहेर, खालच्या अंगाला, कापडाला टेकेल पण दबणार नाही अशी टांगली, की वारा अडतो. परदेशात याच कामासाठी हजारो रुपयांची खास रजई विकतात. आईने जुन्या लुगड्यांची वाकळ चार कोपऱ्यांना नाड्या लावून दिली.

त्या रात्री मी सलग पाच तास झोपलो.

शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती. बांधावरच्या बाभळीला एक झोळी आणि तिच्यात तान्हं बाळ. बाळाच्या आईने झोळीच्या तोंडाशी एक आडवी काठी घातली होती, कापड बाळाच्या तोंडावर मिटू नये म्हणून. तिची समज पाहून बरं वाटलं, तरी मी थांबून तिला दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगतो. मोठ्या माणसाची मान वाकली तर तो कूस बदलतो. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकली तर त्याची श्वासाची वाट अरुंद होते आणि त्याला मान उचलता येत नाही. बाळ झोपवायची सुरक्षित जागा म्हणजे सपाट, घट्ट अंथरूण, पाठीवर. झोळीत हलवून डोळा लागला की त्याला खाली सपाट जागी ठेवावं. ती म्हणाली, "खाली मुंग्या हाईत, साप हाईत, डॉक्टर. कुठं ठेवू?" यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. झोळी नजरेसमोर ठेव, मोठ्या पोरीला तिच्याजवळ बसव आणि बाळाची मान पाहत राहा, एवढंच म्हणालो.

सापांचं तिचं म्हणणं खोटं नाही. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक की जाग येईलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही, आणि घरचे म्हणतात काहीतरी बाधलं. शेतावर झोपलेल्या माणसाला सकाळी असं झालं तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात न्या. सर्पविषावरची लस तिथे मिळते. खाट, माचा, हॅमॉक यांचा हा फायदा खराच आहे. मच्छरदाणी मात्र हवी, कारण डास पातळ नायलॉनमधून खालूनही चावतात.

झुलण्याने खरंच झोप येते का? जिनिव्हा विद्यापीठात यावर अभ्यास झाले आहेत. 2011 मध्ये 12 निरोगी पुरुषांना दुपारी 45 मिनिटं हळू हलणाऱ्या पलंगावर झोपवलं. चार सेकंदांना एक झोका. स्थिर पलंगापेक्षा त्यांना झोप लवकर लागली. 2019 मध्ये 18 जणांवर रात्रभर तसाच प्रयोग झाला, त्यात गाढ झोप वाढलेली दिसली. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला मिळणाऱ्या लयीचा हा परिणाम असावा. पण माणसं थोडी, तीही तरुण आणि निरोगी, आणि तो पलंग होता, झोळी नव्हे. तेव्हा निद्रानाशावर उपाय म्हणून हॅमॉक घ्यायला मी कुणाला सांगणार नाही. ज्यांना स्लिप डिस्क आहे, खुब्याचं ऑपरेशन झालंय, फिट येतात, दिवस भरत आले आहेत किंवा जे झोपेत श्वास अडकतो म्हणून मशीन लावतात, त्यांनी तर यात रात्र काढूच नये.

मला त्याचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने झाला. मळ्यात रेंज नाही. नऊला अंधार, साडेनऊला अंग टेकलं, पहाटे पाखरांनी उठवलं. आणि गोळी घेऊन हॅमॉकमध्ये चढायची हिंमत राहिली नव्हती. जानेवारीत एका मानसोपचारतज्ज्ञ मित्राकडे पेशंट म्हणून रीतसर नंबर लावून गेलो. त्याने पहिलं सांगितलं, ते मला माहीत होतंच, की गोळी एकदम बंद करायची नाही. रोज, बरेच महिने घेतलेली ही गोळी अचानक सोडली तर झोप पूर्वीपेक्षा वाईट उडते, घाबरं होतं, क्वचित फिटही येते. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी केली. जोडीला झोपेचं वेळापत्रक: रात्री कशीही गेली तरी उठायची वेळ एकच, झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही, वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, घड्याळ बघायचं नाही. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. दुपारच्या ओपीडीत डोळे मिटायचे. मे महिन्यात शेवटचा तुकडा घेतला.

अजूनही आठवड्यातून एखाद्या रात्री तीनला जाग येते. पावसाळा असल्यामुळे हॅमॉक माळ्यावर ठेवलाय. वाकळ आईने धुऊन परत मागून घेतली आहे. दिवाळीनंतर न्यायला ये म्हणाली, आणि येताना त्या झोळीत तिलाही एकदा बसवायचं कबूल करून घेतलंय. उंची खुर्चीएवढीच ठेवणार आहे, आणि धरायला दोन माणसं.