वीरगळ खालून वर वाचायचा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इकडच्या शाळांना सुट्टी लागते आणि मळमड्डीतल्या जुन्या घरांमध्ये पुण्याची, बेंगळुरूची नातवंडं दिसायला लागतात. दोन दिवस झाडावर, तिसऱ्या दिवसापासून मोबाईलवर. ‘धारवाडला बघण्यासारखं काय आहे?’ या प्रश्नाला बहुतेक घरांत पेढा हे उत्तर मिळतं. पेढ्याशी माझं भांडण नाही. पण पेढा बघायचा नसतो.

सुट्टीतल्या मुलांसाठी रंगायणाचा चिण्णर मेळा असतो, विज्ञान केंद्र आहे. विज्ञान केंद्रातून मुलं लवकर बाहेर पडत नाहीत, कारण तिथे बटणं दाबता येतात. कर्नाटक विद्यापीठातल्या कन्नड संशोधन संस्थेच्या वस्तुसंग्रहालयात मात्र दाबायला काही नाही. तिथे मूर्ती, शिलालेख, ताडपत्रं, नाणी आहेत. ही संस्था १९३९ साली मुंबई सरकारने सुरू केली. धारवाड १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होतं, हे आमच्या भाचरांना सांगितलं की ती आधी हसतात.

मुलांना मोकळं सोडलं तर ती असं संग्रहालय दहा मिनिटांत संपवतात. म्हणून मी एक नियम केला आहे: एका फेरीत एकच दगड. पहिला वीरगळ. लढाईत किंवा गावची गुरं सोडवताना मेलेल्या माणसाची ही स्मारकशिळा. ती खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, तिच्यावर अप्सरा वीराला स्वर्गात नेताहेत, त्याच्या वर तो देवापुढे बसलेला, बहुधा शिवलिंगापुढे. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. एकदा हे कळलं की मुलं दगडापुढून हलत नाहीत. अकरा वर्षांचा भाचा म्हणाला, ‘आत्या, हे कॉमिक आहे, फक्त उलटं.’ आणि वीरगळ हा शब्दही इथलाच. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड.

त्या दिवशी माझी आईही बरोबर होती. ती १९६४ साली सांगलीहून लग्न होऊन आली. कन्नड झरझर बोलते, भाजीवाल्याशी भांडतेसुद्धा, पण अक्षरं तिला लागत नाहीत. भाचा बेंगळुरूच्या शाळेत कन्नड वाचायला शिकला आहे, पण त्याला अर्ध्या शब्दांचे अर्थ येत नाहीत. तो पाटी मोठ्याने वाचत होता आणि ती त्याला मराठीत सांगत होती. ती दोघं एवढा वेळ एकमेकांशी बोललेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

‘पाट्या मराठीत का नाहीत?’ असं आपल्यातलं कुणीतरी दरवेळी विचारतं. मला हा प्रश्न पटत नाही. एकोणिसाव्या शतकात या भागातल्या शाळांत आणि कचेऱ्यांत मराठीचाच वरचष्मा होता, कन्नड मुलांनाही मराठीतून शिकावं लागे. त्या अस्वस्थतेतूनच १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला. तेव्हा आता पाटी कन्नडमध्ये असली तर ती वाचायला शिकावं. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे मोठे कवी झाले; साधनकेरीतल्या बेंद्रे भवनात मुलांना न्यायचं ते त्यासाठी. आणि दोन-तीन भाषांचीच पाटी हवी असेल, तर श्रवणबेळगोळला जावं. गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर कोरलेला आहे.

गेल्या वर्षी काकांचं मळमड्डीतलं घर विकायचं ठरलं. माळ्यावरून पितळ, तांबं, लाकूड खाली आलं आणि भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला. चुलतभावाचं म्हणणं, ‘मोडीत काढूया, फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार?’ त्याचंही खोटं नव्हतं. मी पंधरा दिवस मागून घेतले. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून पाळतात. त्या दिवशी आम्ही पडवीत प्रदर्शन मांडलं. वस्तू वीस, मुलं सहा. प्रत्येक वस्तूपुढे मुलांनी लिहिलेलं कार्ड. त्यावर तीन गोष्टी: मराठी नाव, कन्नड नाव, शेवटचं कोणी वापरलं.

तिसऱ्या प्रश्नाने सगळी म्हातारी माणसं बोलती झाली. बंबाच्या कार्डावर लिहिलं गेलं, ‘आजोबांनी दिवाळीच्या पहाटे पेटवला, मग गिझर आला.’ मापांपुढे मुलांनी शेंगदाणे ओतून पाहिले: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. अडकित्त्याचं कन्नड नाव शोधताना शेजारच्या अज्जींनी सांगितलं की अडके म्हणजे सुपारी. इतकी वर्षं त्या शब्दात सुपारी होती आणि आम्हा कुणाला दिसली नव्हती. गल्लीतली तीसेक माणसं येऊन गेली. एकीने घरी जाऊन स्वतःची रोवळी आणली आणि कार्ड मागितलं.

सगळं काही वाचलं नाही. बंब आणि दोन घंगाळं गेली, वजनावरच गेली. मापं, अडकित्ता, सोंगट्यांचा पट मुलांनी कार्डांसकट वाटून घेतला.

एकच वस्तू कुणी मागितली नाही: लाल कापडात बांधलेला कागदांचा रुमाल. पणजोबांचा, सगळा मोडीत. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं लटकवत जायची, एवढंच आईला तिच्या वडिलांचं लिहिणं पाहून आठवतं. वाचता तिलाही येत नाही. कर्जरोखे असतील, शेताचे वाद असतील, नाहीतर किराण्याच्या याद्या. कार्डावर तिसऱ्या ओळीत ‘पणजोबा’ आहे आणि खाली भाच्याने आपल्या मनाने चौथी ओळ घातली आहे, ‘आत काय आहे’, तिच्यापुढे रिकामी जागा.

घर डिसेंबरात ताब्यात दिलं. रुमाल माझ्याकडे आहे. पानांचे फोटो काढून मी भाच्याला पाठवते. त्याने यंदा मोडीचा ऑनलाइन वर्ग लावला आहे. तुमच्यापैकी कुणाला मोडी येत असेल तर मळमड्डीत जरूर या. त्याला आतापर्यंत ‘श्री’ लागला आहे आणि एक रक्कम, साडेसतरा रुपये. कुणी कुणाला द्यायचे, ते अजून नाही.