सात वर्षांचा झाला, मग कुणाचा?

माझा भाचा सात वर्षांचा झाला, त्याच महिन्यात त्याच्या वडिलांच्या वकिलाची नोटीस आली. मुद्दा एकच होता. हनफी फिकहप्रमाणे मुलगा सात वर्षांपर्यंत आईकडे राहतो, नंतर बापाकडे जातो. वय पूर्ण झालं आहे, तेव्हा ताबा द्या.

बहिणीचा खुला होऊन तीन वर्षं झाली होती. ती माहेरी होती आणि भाचा आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेत दुसरीत होता. नोटीस ऐकून अम्मी रडायला लागली. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "शरियतचा मसला आहे, कोर्टकचेरी कशाला? देऊन टाका." मी रागाने म्हणालो, "मुळीच देणार नाही." दोन घरांतलं हे भांडण आहे आणि आपल्याला ते जिंकायचं आहे, असं मी धरून चाललो होतो. आज लिहितोय ते या समजुतीबद्दल.

वकिलाकडे गेल्यावर कळलं की कोर्ट वयाच्या आकड्यावर थांबत नाही. 1937च्या शरियत कायद्यात पालकत्वाचा विषय आहे, हे खरं. पण मुलाच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा दावा चालतो तो 1890च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, आणि तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. त्याचं कलम 17 सांगतं की मुलाला लागू असलेला कायदा लक्षात घेऊन त्याचं हित पाहायचं. मुलाचं वय, लिंग, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, नात्यातली जवळीक, हे सगळं तपासायचं. मूल समजूतदार असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते.

आपण एक गफलत नेहमी करतो. पालकत्व आणि ताबा एकच समजतो. बाप नैसर्गिक पालक असतो, पण मूल रोज कुणाच्या घरी झोपेल हा प्रश्न वेगळा. आपल्या फिकहमध्येही विलायत आणि हिजानत हे दोन वेगळे शब्द आहेतच. सुप्रीम कोर्टाने 2010 साली अतहर हुसेन विरुद्ध सय्यद सिराज अहमद या खटल्यात हाच फरक केला होता. तिथे आई वारली होती आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मुलं आजोळच्या माणसांकडे राहिली आणि वडिलांना भेटीचा हक्क मिळाला. त्याआधी 1973 साली रोझी जेकब खटल्यात याच कोर्टाने सांगून ठेवलं होतं की मुलं ही आईबापांच्या मालकीची वस्तू नव्हेत.

हे ऐकून मला जोर आला. इथेच माझं चुकलं. मुलाचं हित म्हणजे आमची बाजू, असा सोयीचा अर्थ मी लावला.

न्यायाधीशांनी प्रकरण आधी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्या मुलाशी एकट्याने बोलणार होत्या. आदल्या रात्री मी भाच्याला समोर बसवून तयारी करून घेतली. "काय सांगशील?" "अब्बांकडे गेलो तर माझ्या शिक्षणावर परिणाम होईल." तीनदा म्हणून घेतलं. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. तिनेही अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो खोलीत गेला. आम्ही बाहेरच्या बाकावर. समोरच्या बाकावर त्याचे वडील आणि दादी. तीन वर्षांत आम्ही एकमेकांना सलामही केला नव्हता. अर्ध्या तासाने मॅडमनी बहिणीला आणि मला आत बोलावलं. म्हणाल्या, "ते वाक्य मुलाचं नाही. त्याला पुन्हा असं शिकवू नका." बस, एवढंच.

बाकीचं भाच्यानेच परतीच्या एसटीत सांगितलं. "मामू, मी म्हटलं तसंच. मग मॅडम म्हणाल्या, परिणाम म्हणजे काय रे? मी म्हटलं, ते मामूला माहीत आहे." मग मॅडमनी त्याला अब्बांबद्दल विचारलं. त्याने त्यांना गॅरेजबद्दल सांगितलं. अब्बा पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात धरायला देतात आणि बुडबुडे कुठून येतात ते मी शोधतो, असं. ते सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. आम्ही मात्र वर्षभर भेटी टाळत आलो होतो. कधी ताप, कधी चाचणी परीक्षा, कधी पाहुणे. भेट चुकली की तो गप्प बसायचा. त्याला जायचंच नसेल, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

त्या रात्री मी सुनन अबू दाऊदमधल्या दोन हदीस पुन्हा वाचल्या. एकीत तलाक झालेली एक आई हुजूरांकडे फिर्याद घेऊन येते. तू दुसरं लग्न करीत नाहीस तोवर मुलावर तुझाच जास्त हक्क, असं ते तिला सांगतात. दुसरीत एका मुलासमोर आई आणि बाप दोघंही उभे आहेत. हवा त्याचा हात धर, असं त्याला सांगितलं जातं आणि तो आईचा हात धरतो. माझी बायको रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. ती म्हणाली, "आमच्यात मुलाला समज आली की त्यालाच विचारतात. पण तुम्ही विचारलं नाहीत, शिकवलंत." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निकाल आठ महिन्यांनी लागला. ताबा बहिणीकडे राहिला. सातव्या वर्षाचा मुद्दा कोर्टाने नोंदवला, पण तेवढ्यावर निर्णय दिला नाही. मुलाची शाळा, तीन वर्षांत बसलेली घडी, घरी नानी असणं, तिकडे वडिलांचं रात्री नऊपर्यंतचं गॅरेज आणि दादीचं आजारपण, हे सगळं आदेशात होतं. वडिलांना महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी. एक ईद इकडे, दुसरी तिकडे, पुढच्या वर्षी उलट. मुलासमोर कुणीही दुसऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही, हेही लिहिलेलं होतं.

लोकांनी मुबारकबाद दिली, "जिंकलात!" मला ती घेववली नाही.

त्या वर्षी रमजान ईद तिकडे आली. सकाळी नमाजनंतर अम्मीने सवयीने त्याच्याही नावाची शीरखुर्म्याची वाटी भरली आणि तशीच ठेवली. दुपारपर्यंत बहीण कुणाशी बोलली नाही. मग मला जाणवलं की तीन वर्षांतल्या सहा ईदी समोरच्या घरात अशाच गेल्या होत्या. त्या वाटीचा आम्ही कधी विचारही केला नव्हता.

आपल्या समाजात असे वाद आले की आपण आधी हक्क कुणाचा ते विचारतो. मौलानांना विचारतो, वकिलाला विचारतो. विचारायलाही हवं. पण मूल रात्री कुणाजवळ निर्धास्त झोपतं, कुणाची आठवण काढतं आणि कुणाच्या भीतीने ती आठवण बोलून दाखवत नाही, हे आपण घरातच पाहू शकतो. त्यासाठी न्यायाधीश लागत नाही.

आता दर दुसऱ्या शनिवारी मीच त्याला सोडायला जातो. पहिल्या वेळी गॅरेजच्या दारात मी सलाम केला. त्याच्या वडिलांनी जरा थांबून जवाब दिला आणि हात पुसत चहा सांगितला. बोलण्यासारखं काही नव्हतं. भाचा आधीच ट्यूब घेऊन पाण्याच्या टपापाशी बसला होता.