मोटरवरचं चाक

मिस्त्रीच्या खिशात एक चिठोरी असायची. तेलकट, घडीवर फाटलेली. ग्राइंडरचं काम आलं की आमच्याकडं पाठ करून तो ती उघडायचा, आकडा बघायचा आणि टर्नरला सांगायचा, एवढ्या व्यासाचं चाक टर्न कर. मी आयटीआयचा फिटर. पण तिथं हेल्परच. एकदा विचारलं, "मिस्त्री, हाच आकडा का?" तो म्हणाला, "तू घास. हिशेब तुमच्या लोकांचं काम नाही." हसत म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांपुढं बाबासाहेब हेच बोलले होते. आपला माणूस वर्कशॉपात राबतो, पण मिस्त्री, फोरमन होऊ शकत नाही. मनमाड आमच्यापासून लांब नाही. सालही तेवढं लांब वाटेना.

काम सोडलं. तोरणमाळच्या एका पावरा मित्रानं वर बोलावलं. साडेतीन हजार फुटांच्या वरचं गाव. कुऱ्हाडी-विळ्यांना धार लावायला माणसं घाट उतरून शहाद्याला जायची. भाडं जायचं, दिवस जायचा. म्हटलं, इथंच पट्ट्याचा ग्राइंडर बसवू. भंगारातून एक हॉर्सपॉवरची मोटर घेतली, पाटीवर २८८० फेरे. चाकाचा आकडा चिठोरीवर चोरून पाहिला होता, २०० मिलिमीटर. तेवढंच चाक करून आणलं.

पहिली कुऱ्हाड एका म्हाताऱ्या बाबाची. ठिणग्या भिंतीपर्यंत उडाल्या आणि धार निळी पडली. निळी पडली म्हणजे पोलादाला दिलेलं पाणी उतरलं. आता ती लाकडावर टिकायची नाही. दुसऱ्या कुऱ्हाडीला जरा दाब दिला तर मोटरच गुरगुरून बसली. बाबानं कुऱ्हाड उलटीपालटी करून पाहिली. काही न बोलता खांद्यावर टाकली आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री वही काढली. मित्रांनो, गणित आहे म्हणून पान उलटू नका. चाकाच्या एका फेऱ्यात पट्टा चाकाच्या परिघाएवढा पुढं जातो. म्हणजे व्यास गुणिले ३.१४ गुणिले मिनिटाचे फेरे. माझा पट्टा मिनिटाला १८०० मीटर पळत होता, सेकंदाला ३०! जाड लोखंड ओरबाडायला ठीक. पातळ धारेत उष्णतेला पळायला जागाच नसते. मिस्त्रीचा आकडा १४४० फेऱ्यांच्या मोटरचा होता, बरोबर निम्म्या वेगाचा. मी चाक चोरलं, मोटर बघायची राहिली.

मोटर बसली त्याचंही कारण सापडलं. त्याच मोटरवर चाक दुप्पट केलं की पट्टा दुप्पट पळतो, पण त्याचा जोर निम्मा होतो. त्यात वरचं व्होल्टेज. २३० चे १८० झाले की मोटरचा जोर साठ टक्क्यांवर येतो. (अमेरिकन पुस्तकातले फेरे तर आपल्याला चालतच नाहीत. तिकडची वीज ६० सायकलची, आपली ५०. तीच मोटर इथं सहाव्या हिश्श्यानं मागं.)

मोटर बदलून १४४० ची आणली. चाक १०० चं, मधोमध किंचित फुगीर, म्हणजे पट्टा बाजूला सरकत नाही. याहून लहान चाकावर पट्ट्याची पकड सुटते. शेजारी पाण्याची बादली. दर दोन हातांनी पातं बुडवायचं.

बाबाला शोधायला दोन पाडे फिरलो. कुऱ्हाड मागून आणली, निळा भाग घासून काढला. पातं बोटाच्या पेराएवढं आखूड झालं. पैसे घेतले नाहीत. तोही घ्या म्हणाला नाही.

तो हिशेब मी दुकानाच्या भिंतीवर कोळशानं लिहिलाय. मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून दिसेल असा. परवा आश्रमशाळेतला एक पोरगा विळा घेऊन आला आणि भिंतीपुढं बराच वेळ उभा राहिला. जमिनीवर काडीनं गुणाकार केला.

"दादा, ४५२ येतंय. तुम्ही ४५० लिहिलंय."

मी कोळसा त्याच्या हातात दिला.