पाण्याखालची माणसं

1992 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातून 'डीप सी ड्वेलर' नावाची एक रेकॉर्ड बाहेर पडली. डीप सी ड्वेलर म्हणजे खोल समुद्रात राहणारा. ग्रुपचं नाव होतं ड्रेक्सिया. या ग्रुपमध्ये कोण आहे, किती जण आहेत, ते दिसतात कसे, हे बहुतेक ऐकणाऱ्यांना कळायला काही मार्गच नव्हता. पुढची दहा वर्षं जवळपास असंच चाललं.

आज आपल्याला माहीत आहे की ती दोन माणसं होती, जेम्स स्टिन्सन आणि जेरल्ड डोनाल्ड. स्टिन्सन ट्रक चालवायचा. 3 सप्टेंबर 2002 रोजी, वयाच्या 32व्या वर्षी तो गेला आणि त्यानंतरच त्याचं नाव खऱ्या अर्थाने बाहेर फिरू लागलं. डोनाल्ड तेव्हाही बोलला नाही. तो अजूनही वेगवेगळ्या नावांनी संगीत करतो.

ड्रेक्सिया कधी ऐकलं नसेल तर 'बबल मेट्रोपोलिस'पासून सुरुवात करा. 1993 सालचा ट्रॅक आहे. 808 ड्रम मशीनचे कोरडे ठोके, खाली सिंथची जाडजूड बेसलाइन, आणि वर बुडबुडे फुटावेत तसे आवाज. मधेच कंट्रोल रूममधून कुणीतरी पाण्याखालच्या एका यानाशी बोलतं. वेग कमी करा, पुढे रस्त्याचं काम चालू आहे, जपून जा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. समुद्राच्या तळाशी अख्खी संस्कृती वसवली, तरी तिथेही रस्त्याची कामं चालूच! पण याच तपशिलामुळे ते शहर खरं वाटायला लागतं.

हे शहर कुणाचं, याचं उत्तर 1997 साली 'द क्वेस्ट' या संकलनासोबत छापलेल्या मजकुरात मिळालं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या गरोदर बायकांना, त्या आजारी पडल्या किंवा त्रास देऊ लागल्या की, जहाजावरून समुद्रात फेकलं जायचं. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा ते पाण्यातच जगतं. मग त्या बायकांना समुद्रातच बाळं झाली असतील आणि ती पाण्यातच श्वास घ्यायला शिकली असतील तर? ड्रेक्सियन म्हणजे त्या बाळांचे वंशज. मजकुराखाली सही आहे 'अननोन रायटर' अशी, म्हणजे अज्ञात लेखक.

गोष्ट कल्पनेतली असली तरी तिच्या तळाशी असलेलं पाणी खरं आहे. अटलांटिकच्या गुलामव्यापारात सुमारे 1 कोटी 25 लाख माणसं जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतली सुमारे 18 लाख वाटेतच मेली. 1781 साली झाँग नावाच्या ब्रिटिश जहाजावरून 130हून जास्त माणसं जिवंत समुद्रात फेकली गेली. पिण्याचं पाणी कमी पडत होतं, असं कारण दिलं गेलं. नंतर जहाजाच्या मालकांनी विम्याचे पैसे मागितले, माणशी 30 पौंड. लंडनच्या कोर्टात जो खटला चालला तो खुनाचा नव्हता, मालाच्या नुकसानीचा होता.

हे वाचल्यावर ड्रेक्सियाचं लपणं मला वेगळं दिसायला लागलं. तोवर मी त्याला एक स्टाइल समजत होतो. चेहरा दाखवायचा नाही, म्हणजे लोकांना जास्त उत्सुकता. पण ज्यांचं नाव कुणी लिहूनही ठेवलं नाही, अशा माणसांची गोष्ट सांगताना स्वतःचा फोटो मोठा करून कसा छापणार? त्या बायकांचं नाव त्यांच्याकडून हिसकावून घेतलं होतं. या दोघांनी आपलं नाव स्वतःहून बाजूला ठेवलं. बाहेरून दोन्ही अनामिकता सारख्याच दिसतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याला डेट्रॉइटचाही संदर्भ आहे. 1950 साली 18 लाखांच्या वर लोकसंख्या असलेलं हे मोटारींचं शहर 2000पर्यंत साडेनऊ लाखांवर आलं. कारखाने गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. मागे राहिलेल्या काळ्या वस्त्यांतल्या पोरांनी मशीनवर संगीत करायला घेतलं. तेच टेक्नो. ड्रेक्सियाच्या काही रेकॉर्ड ज्यांनी काढल्या ते 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' तर चेहरा झाकूनच वावरायचे. चेहराच नसेल तर कंपनी विकणार काय? 'द क्वेस्ट'सोबत चार नकाशेही होते. पहिला गुलामव्यापाराचा, दुसरा दक्षिणेच्या खेड्यांतून उत्तरेच्या शहरांकडे झालेल्या काळ्या माणसांच्या स्थलांतराचा, तिसरा डेट्रॉइटमधून जगभर गेलेल्या टेक्नोचा आणि चौथा भविष्यातला, घरी परत जाण्याचा. पाठ्यपुस्तकाला चार धडे लागले असते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे अप्रेजल जवळ आलं की 'व्हिजिबिलिटी' हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. काम केलंस ते ठीक, पण ते दिसलं का? लिंक्डइनवर टाकलंस का? अशा दिवसांत ड्रेक्सिया ऐकताना बरं वाटतं. पण त्यांना न दिसण्याचे संत बनवणंही मला पटत नाही. न दिसण्याची किंमत असते. 2001 साली स्टिन्सनने 'द अदर पीपल प्लेस' या आणखी एका नावाने 'लाइफस्टाइल्स ऑफ द लॅपटॉप कॅफे' हा अल्बम काढला. अतिशय हळवा अल्बम आहे. बरीच वर्षं तो बाजारात मिळत नव्हता, 2017मध्ये पुन्हा छापला गेला. ड्रेक्सियाच्या जुन्या रेकॉर्डचे चार संच निघाले ते 2011 ते 2013 या काळात. ते बघायला तो नव्हता.

तरी गोष्ट पुढे गेलीच. चित्रकार एलेन गॅलघरने ड्रेक्सियावरून समुद्रातल्या जिवांची चित्रमालिका काढली. 2017मध्ये 'क्लिपिंग' या रॅप ग्रुपने या मिथकावर 'द डीप' हे गाणं केलं आणि 2019मध्ये रिव्हर्स सॉलोमनने त्याच नावाची छोटी कादंबरी लिहिली. त्या कादंबरीत पाण्याखालच्या माणसांना आपला भूतकाळ सोसत नाही, म्हणून सगळ्यांच्या आठवणी एकाच व्यक्तीने सांभाळायच्या असतात. ड्रेक्सियाने बरोबर उलटं केलं. आठवण सगळ्यांत वाटून टाकली, आणि ती कुणाची हे लिहायची जागा रिकामी ठेवली. जागा रिकामी होती म्हणूनच नंतरचे लोक तिथे येऊन बसू शकले.

स्टिन्सन गेला त्याच वर्षी ड्रेक्सियाचा शेवटचा अल्बम 'ग्राव्हा 4' आला. त्यात ड्रेक्सियन समुद्र सोडून अंतराळात, आपल्या मूळ ग्रहाकडे निघतात. हेडफोन लावून तो ऐकताना वाटतं, झाँगच्या मालकांनी ज्यांना माल म्हणून मोजलं, त्यांच्यासाठी कुणीतरी इतका लांबचा रस्ता बांधून ठेवलाय. रस्ता बांधणाऱ्यांच्या नावाचा बोर्ड तिथे लावलेला नाही.