गाळलेलीं दोन पानें

अमेरिकेंत मिसूरी राज्यांतील हेझलवुड ईस्ट या सार्वजनिक हायस्कुलांत वृत्तपत्रलेखनाचा वर्ग असे व त्या वर्गाचे विद्यार्थी ‘स्पेक्ट्रम’ नांवाचें पत्र काढीत. १९८३ सालीं त्यांत गर्भवती विद्यार्थिनींविषयीं व आईबापांच्या घटस्फोटाविषयीं लेख यावयाचे होते. मुख्याध्यापकांनीं तीं दोन पानेंच गाळलीं. तीन विद्यार्थिनींनीं दावा लाविला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८८ सालीं पांच विरुद्ध तीन मतांनीं निकाल शाळेच्या बाजूनें लागला.

हें वाचून आम्हांस समाधान वाटावयास हवें होतें. कारण आमच्या शाळेच्या हस्तलिखितांतून, वसतिगृहाच्या पाण्यासंबंधीं एका मुलानें लिहिलेला लेख आम्हींच काढून टाकिला होता. ‘ऱ्हस्वदीर्घाच्या चुका फार,’ असें त्यास सांगितलें. वास्तविक चूक एकच होती, आणि पाणी गढूळच होतें. पुढें त्या मुलानें हस्तलिखितास एक ओळही दिली नाहीं.