उत्तर कुणाच्या मशीनचं?

गुडघ्यांनी दगा दिला आणि रावेर, खंडव्याच्या फेऱ्या थांबल्या. आता बुरहानपूरच्या लालबागेत बसूनच केळीवाल्यांची, पावरलूमवाल्यांची मशीनं सांभाळतो. धावपळ शिष्य करतो. परवा त्याने माझ्याच मशीनवरून रावेरच्या मशीनची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स रजिस्ट्रीतून वाचणारा प्रोग्रॅम चालवला. यादी आली, आणि तिथल्या मुनीमजींच्या ‘टेम्प’च्या पाथमध्ये माझं युजरनेम!

हीच ती गाठ. रजिस्ट्रीत असतं नुसतं %युजरप्रोफाइल%. डॉटनेटचं ‘गेटव्हॅल्यू’ ते न विचारता उलगडतं, तेही कोड जिथे चालतोय त्या मशीनच्या हिशेबाने. नोंद रावेरची, अर्थ लालबागेतला. इथे निदान नाव तरी चुगली करतं. %सिस्टमरूट% तेवढंही करत नाही, कारण विंडोज बहुतेक सगळीकडे सी ड्राइव्हवरच असते आणि परकं उत्तर बरोबर उत्तरासारखंच दिसतं. म्हणून ‘डूनॉटएक्स्पांडएन्व्हायर्नमेंटनेम्स’ हा पर्याय देऊन कच्चं मूल्य आणायचं आणि उलगडायचं ते नोंद जिथली त्याच मशीनवर. लिनक्सवाल्यांनी हसू नये. एसएसएचच्या कमांडमध्ये ‘डॉलर होम’ दुहेरी अवतरणात लिहिलं, की ते निघण्याआधी आपल्याच शेलमध्ये उलगडतं.

बरं, कच्चं मूल्य खरं आलं तरी चालू प्रोग्रॅम तेच वापरतोय असं नाही. प्रोसेसला सुरू होताना प्रत मिळते; मागून रजिस्ट्री बदलली तरी तिच्याकडे जुनीच राहते. ‘मशीनचं व्हेरिएबल’ म्हणून एकच एक वस्तू नसतेच.

हल्ली बाजारात ‘रिमोट घेतो’ म्हणजे स्क्रीन उघडायची, सेटिंग डोळ्यांनी वाचायचं. एका मशीनला ते ठीक. गोदामं, गाळे, आडती मिळून मशीनं वाढली की त्याला मी काम म्हणत नाही. त्याहून वाईट म्हणजे पासवर्डही व्हेरिएबलमध्ये ठेवणारे. सिस्टम व्हेरिएबल त्या मशीनवरचा कुणीही युजर वाचू शकतो.

“काका, तुमचं नाव तिथे कसं?” शिष्याने विचारलं तेव्हा मला आनंद झाला. अजून माझ्यावाचून अडतं, याचा. उत्तर ओठांवर होतं, तरी संध्याकाळपर्यंत दिलं नाही. त्यात शिकवण्यापेक्षा मिरवणंच जास्त होतं.

असा कोड लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: चाचणीसाठी विंडोज डी ड्राइव्हवर असलेलं, वेगळ्या युजरचं एक मशीन जवळ ठेवा. सारख्याच दोन मशीनांवर ही चूक सापडत नाही.