कावा

राऊच्या पुढे, महूच्या रस्त्याला, सोयाबीन निघून गेलेल्या काळ्या रानांच्या मधोमध एक छोटा तबेला आहे. आठ घोडे, पत्र्याचं छप्पर आणि मागे वाळू टाकलेलं मैदान. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघानं ड्रेसाजचं सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं ते 41 वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण, आणि संघातल्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हाजेला. तेव्हापासून आमच्या लेकीनं धोशाच लावला होता. शेवटी यंदा दसऱ्यानंतर रविवारी सकाळी आमची स्कूटर राऊकडे वळू लागली.

लेकीला आवडली ती नेमकी चांदनी, जिच्यावर बसायला मनाई होती. पांढरी मारवाडी घोडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. आधी ती वरातीत होती. ढोल वाजला की पाय उचलायचे, हे तिच्या अंगात मुरलेलं. आता पत्रा वाजला, ट्रॅक्टर धडधडला तरी ती पुढचे पाय उचलायची. मालकानं सांगून टाकलं होतं, देवउठनीपर्यंत, म्हणजे आपल्या तुळशीच्या लग्नापर्यंत शांत झाली तर मुलांना शिकवायला ठेवू, नाहीतर लग्नाचा मोसम आहेच. (आमच्या लग्नात हेही अशाच घोडीवरून आले होते. ती बँडपुढे नाचते तो व्हिडिओ आम्ही इतकी वर्षं पाहुण्यांना कौतुकानं दाखवत आलो. हल्ली नाही दाखवत.)

उस्ताद सत्तरीचे, बोलणं कमी. म्हणाले, "आज इसको कावा देंगे." मी दचकलेच. आपल्याला कावा माहीत तो गनिमी. हिंदीत घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवणं म्हणजे कावा देणं. यात डाव कुठे आहे ते बघायला मी कुंपणाला टेकून उभी राहिले.

दोरी सात-आठ मीटरची, नाकावरच्या पट्ट्याला अडकवलेली. तोंडात लोखंड नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही, पदर करून धरायची. घोडा उधळला तर गुंडाळलेला हात जातो. एका हातातली दोरी घोडीच्या डोक्याकडे, दुसऱ्या हातातला लांब चाबूक मागच्या पायांकडे आणि मध्ये उस्ताद, असा त्रिकोण. चाबूक मारायचा नाहीच, फक्त दाखवायचा. उस्ताद तिच्या कमरेच्या रेषेत सरकले की ती पुढे जायची, खांद्याच्या रेषेत आले की मंदावायची. मला तर ते उभेच दिसत होते; पाऊलभर सरकणं लेकीनं आधी टिपलं.

"एकदा पळवून पळवून दमवून का नाही टाकत?" असं लेकीनं विचारलं.

"दौड़ाओगे तो दौड़ना ही सीखेगी, बेटा."

रोज दमवलं तर घोडा शांत होत नाही, त्याचा दम वाढतो. म्हणून आधी कदम, मग थोडी दुडकी, पुन्हा कदम. दोन्ही बाजूंनी सारखं, आणि पंधरा-वीस मिनिटांत बंद, कारण लहान गोलात सांध्यांवर ताण येतो. डाव्या फेरीत चांदनी बरी होती. मान खाली आली, जबडा हलायला लागला. ती चघळू लागली की समजायचं, आतली गाठ सुटतेय.

आणि नेमका तेव्हाच गावातून ढोल आला. कसली तरी मिरवणूक होती. चांदनी उभी राहिली ती मागच्या दोन पायांवर. दोरी सरसरली. लेकीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला वाटलं, उस्ताद आता ओढतील, ओरडतील. त्यांनी चाबूक खाली केला, नजर वाळूवर टाकली, दोरी थोडी सोडली आणि मागं सरकून लांब आवाजात "होऽऽ" म्हटलं. ती खाली आली आणि सुसाट सुटली. तीन फेऱ्या तशाच. ते तोच "होऽऽ", त्याच सुरात, प्रत्येक फेरीला. चौथ्या फेरीला दुडकी. गोल हळूहळू लहान होत गेला, मग कदम. ढोल अजून वाजतच होता. चांदनीचा बाहेरचा कान गावाकडे होता, पण आतला उस्तादांकडे वळलेला.

लेक म्हणाली, "आई, कान बघ!"

ते लगेच थांबले. शाबासकी म्हणून मान खाजवली आणि तिला सावलीत नेली. उजवी फेरी त्या दिवशी झालीच नाही.

मालक दारातून बघत होता. काही बोलला नाही. उस्तादांनी दोरीचे पदर लेकीच्या हातात दिले, गुंडाळायचे नाहीत अशी ताकीद देऊन.

तुळशीचं लग्न अजून बारा दिवसांवर आहे. पुढच्या रविवारी उजवी बाजू, आणि लेकीनं घरातला जुना ताशा सोबत न्यायचा हट्ट धरलाय.